बोलण्याचा धागा आणि मेंदूतील पांढरे तंतू

‘घड्याळ बंद पडले आहे. बंद खोलीत हवा नसते. हवा उत्तरेकडून येते, म्हणून मी पत्राला उत्तर दिले नाही.’

स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजेच छिन्नमनस्कतेच्या, काही रुग्णांचे बोलणे या धाटणीचे असते. वरील वाक्ये समजावण्यासाठी रचलेली आहेत. परंतु ती नीट पाहिली, तर आजाराचे एक लक्षण जवळून दिसते. एकाही वाक्याचे व्याकरण चुकलेले नाही. ‘उत्तर’ हा शब्द कानावर पडला की दिशा आणि जबाब हे दोन्ही अर्थ आपल्याही मनात क्षणभर जागे होतात. मात्र चाललेल्या विषयाला धरून आपण त्यांतला एक ठेवतो आणि दुसरा नकळत मागे सारतो. ही निवड ढिली पडली की बोलणे विषयाऐवजी शब्दांच्या मागे जाऊ लागते. अशा वेळी ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणजे काय, असे विचारल्यास ‘पाणी बाहेर सांडते’ एवढेच उत्तर मिळू शकते. काही रुग्णांच्या बाबतीत याच्या उलट घडते. बोलणे तुटक होत होत जवळजवळ थांबते.

आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव देणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 मधील आपल्या ग्रंथात विचारांमधील साहचर्य सैल होणे हे त्याचे मूलभूत लक्षण मानले होते. जोडण्या सैल होतात, हे त्यांनी रुग्णांचे बोलणे ऐकून ओळखले. त्या जोडण्यांचा मेंदूत शोध घेण्याची साधने मात्र बऱ्याच उशिरा हाती आली.

मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या थरात चेतापेशींची दाटी असते, तर त्याखाली त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या लांब तंतूंचे जुडगे असतात. या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते आणि त्यामुळेच हा भाग पांढरा दिसतो. वेष्टनामुळे संदेश कित्येक पटींनी वेगाने धावतो. जाड, वेष्टित तंतूंमध्ये हा वेग सेकंदाला 100 मीटरच्या आसपास जातो. भाषेच्या दृष्टीने यांतला एक जुडगा विशेष महत्त्वाचा आहे. आर्क्युएट फॅसिक्युलस नावाचा हा कमानीसारखा वळलेला जुडगा कानामागच्या बाजूचे, ऐकलेल्याचा अर्थ लावणारे क्षेत्र आणि कपाळाच्या बाजूचे, वाक्य जुळवणारे क्षेत्र यांना जोडतो.

1990 च्या दशकात विकसित झालेल्या डिफ्यूजन एमआरआय तंत्रामुळे हे जुडगे जिवंत माणसाच्या मेंदूत पाहता येऊ लागले. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे मात्र कमी सरकतात; हा फरक 0 ते 1 या मापावर मोजला जातो. अनेक देशांतील संशोधकांनी 2018 मध्ये 1,963 रुग्ण आणि 2,359 निरोगी व्यक्तींची मोजमापे एकत्र केली, तेव्हा पांढऱ्या द्रव्याच्या 25 भागांपैकी 20 भागांत रुग्णांचे सरासरी माप कमी आढळले. म्हणजे दोष केवळ भाषेच्या वाटेवर नाही. तो विस्तृत आणि सौम्य आहे. शिवाय हे माप घसरले म्हणजे मायलिन झिजलेच असे नाही. तंतू एकमेकांना छेदत असले तरीही ते कमी भरते. हे फरक गटांच्या सरासरीत दिसतात, आणि म्हणूनच एकट्या स्कॅनवरून कोणाही व्यक्तीच्या आजाराचे निदान करता येत नाही. ही मर्यादा मी आवर्जून सांगतो, कारण व्याकूळ झालेले कुटुंब अशा एखाद्या चित्रावर फार मोठी आशा ठेवू शकते.

तरीही हे सौम्य फरक दुर्लक्षून चालणार नाही, कारण भाषा ही अतिशय काटेकोर वेळेवर चालणारी क्रिया आहे. आपण बोलतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग ‘हा आवाज माझाच आहे’ अशी आगाऊ सूचना श्रवणक्षेत्राला देतो आणि त्यामुळे स्वतःच्या आवाजाला तिथे मिळणारा प्रतिसाद मंदावतो. स्किझोफ्रेनियात हे मंदावणे कमी होते. एका छोट्या प्रयोगात रुग्णांनी बटण दाबले की त्यांना एक ध्वनी ऐकवला गेला. तो लगेच वाजला, तेव्हा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद पुरेसा मंदावला नाही. परंतु तोच ध्वनी 50 मिलिसेकंद उशिरा वाजवला, तेव्हा प्रतिसाद निरोगी व्यक्तींप्रमाणे मंदावला. सूचना निघत होती, पण पोचायला उशीर होत होता, असा याचा अर्थ लावला गेला, आणि या उशिराचा संबंध त्याच कमानी जुडग्याच्या स्थितीशी आढळला. स्वतःच्या मनातले शब्द परक्याच्या आवाजात ऐकू येण्यामागे असाच काही विलंब असावा, असे मानण्यास यामुळे आधार मिळतो.

कपाळाच्या बाजूच्या तंतूंवर मायलिन चढण्याचे काम विशीनंतरही चालू असते, आणि हा आजार बहुधा त्याच वयात, किशोरावस्थेच्या अखेरीस किंवा तारुण्यात, डोके वर काढतो. घरच्यांना मात्र त्या काळात एवढेच जाणवते की मुलगा किंवा मुलगी हल्ली भलतेच बोलते, विचारलेल्याचे नीट उत्तर देत नाही. त्याला हट्ट किंवा उर्मटपणा ठरवण्याआधी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि बोलताना एका वेळी एकच छोटे वाक्य उच्चारून उत्तरासाठी नेहमीपेक्षा थोडे जास्त थांबावे.