कुडल संगम (हत्तरसंग कुडल)

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील भीमा व सीना या नद्यांचे संगमस्थान आणि त्यालगतचा मंदिर-परिसर. सोलापूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किमी. या भागात भीमा राज्याच्या सीमेवरून वाहते, पैलतीर कर्नाटकाचा. काठावर संगमेश्वर व हरिहरेश्वर ही दोन प्राचीन शिवालये आहेत.

‘कुडल’ हे नाव कन्नड ‘कूडु’ (एकत्र येणे, मिळणे) या धातूवरून आले असावे. कृष्णा-मलप्रभा संगमावरील कूडलसंगम या क्षेत्राच्या नावातही तोच शब्द आहे. त्या अर्थाने ‘कुडल संगम’ म्हणजे एकाच गोष्टीचा दोन भाषांतून केलेला उच्चार. सीमाभागातील स्थलनामांत अशी द्विरुक्ती नवलाची नाही. कोकणातील कुडाळ या नावाशी मात्र त्याची सांगड घालू नये.

संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरील शिलालेख शके ९४० (इ. स. १०१८) चा, म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील आहे. तो उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांचे. लेखातील मराठी भाग एका वाक्याएवढाच असून ‘जो वाचील तो विजयी होईल’ अशा आशयाचा आहे. शब्दांच्या वाचनात किरकोळ पाठभेद आढळतात. हाच मराठीचा आद्य शिलालेख काय, हा वाद जुना आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही ओळ इ. स. ९८३ च्या सुमाराची मानून पूर्वी तिला हा मान दिला जाई. परंतु तिच्या जोडीच्या ओळीत बाराव्या शतकातील होयसळ सेनापती गंगराजाचा उल्लेख असल्याने दोन्ही ओळी त्याच काळात कोरल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रायगड जिल्ह्यातील आक्षीच्या लेखाचा काळ शके ९३४ (इ. स. १०१२) असा वाचतात, तथापि त्या वाचनाविषयीही मतभेद आहेत. कुडलच्या लेखातील शकाचा आकडा त्या मानाने निःसंदिग्ध असल्याने कालनिश्चितीच्या दृष्टीने त्याचे पारडे जड ठरते.

हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात सापडलेल्या बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखे कोरलेली असून मूळ लिंग धरून ही संख्या ३६० होते. तिचा संबंध वर्षाच्या दिवसांशी जोडला जातो. ते संभाव्य असले तरी सिद्ध नाही.

संगमावरील ऋतुमान गावच्या पावसावर चालत नाही. सोलापूर पर्जन्यछायेत येते आणि तेथे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. भीमेचा पूर मात्र सह्याद्रीवरील पावसाचा. भीमाशंकरकडून उजनी धरणात आलेले पाणी सोडले, आणि खाली नरसिंहपूरला नीरेचा विसर्ग येऊन मिळाला, की ऑगस्टमध्ये भीमा दुथडी वाहते. त्या वेळी काठची काळी रानेही कधीकधी पावसाची वाट पाहत असतात. सीनेचे तसे नाही. अहिल्यानगरच्या पठारावरून येणारी ही नदी बहुधा परतीच्या पावसावरच भरते. त्यामुळे एक नदी भरलेली आणि दुसरी रोडावलेली, हे संगमावर अनेकदा दिसणारे दृश्य आहे आणि थांबून पाहावे असे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या मोठ्या पुराने तिची ही गरिबी कायमची मानू नये, हे दाखवून दिले.

दिवाळीनंतर गढूळपणा ओसरतो, पाणी निवळते. पौषाच्या सुमारास शाळूची कणसे हुरड्यावर येतात. पाण्याचा निळा, ज्वारीचा हिरवा आणि उसाचा गडद पट्टा एका नजरेत मावतो. संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा हा काळ परिसर पाहण्यास सर्वांत चांगला. सकाळी धुके विरताना बगळे, पाणकावळे आणि खंड्या पाण्यालगत सापडतात.

उन्हाळ्यात पारा ४० अंश से. च्या वर जातो आणि पात्रातील खडक उघडे पडतात. तरीही उजनीतून (सन १९८० मध्ये पूर्ण, क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी भीमेत आवर्तन सोडले जाते. वरच्या अंगाच्या टाकळी परिसरातील बंधाऱ्यांपर्यंत ते पोचते. ऐन वैशाखात, आभाळात ढग नसताना भीमेची पातळी चढते ती यामुळे. उन्हात आलेल्या माणसाला दगडी मंडपाचा गारवा याच दिवसांत खरा कळतो. बाहेर सावलीला काठचे कडुलिंब आणि बाभळी.