क्रोममधल्या कुकी बंद होणार होत्या, त्याचं पुढे काय झालं?
(आमच्या वेबसाइट व जाहिरात ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मागच्या महिन्यात येवल्याच्या आमच्या एका पैठणीवाल्या ग्राहकांनी व्हॉट्सॲपवर एक कोटेशन पाठवलं. 'गूगल कुकी बंद करतंय, ताबडतोब कुकीलेस अपग्रेड करा', आणि खाली रक्कम पंचेचाळीस हजार. तसाच निरोप आणखी दोघातिघांना आला, म्हणून हे लिहितो आहोत. थोडक्यात उत्तर: क्रोम थर्ड पार्टी कुकी बंद करत नाही. ते का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे.

आधी कुकी म्हणजे काय ते बघू. गिऱ्हाईक तुमच्या साइटवर मोराच्या पदराची जांभळी पैठणी बघतं, किंमत बघून थबकतं, निघून जातं. रात्री बातम्या वाचताना शेजारच्या चौकटीत तीच जांभळी पैठणी! तुमच्या पानावर जाहिरात कंपनीचा टॅग (कोडचा छोटा तुकडा) बसवलेला असतो, तो गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवतो. बातम्यांच्या साइटवरही त्याच कंपनीचा टॅग असतो, तो ती चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी ना तुमची ना बातमीवाल्यांची, तिसऱ्याचीच. म्हणून थर्ड पार्टी. तुमची कार्ट लक्षात ठेवणारी कुकी वेगळी. तिला कुणी हात लावणार नव्हतं.

अशी पाळत लोकांना आवडत नाही, आणि ते रास्तच आहे. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये या कुकी सरसकट अडवल्या. त्याआधी जानेवारीत गूगलनेही सांगितलं होतं की दोन वर्षांत क्रोममधून त्या काढू, आणि बदली म्हणून 'प्रायव्हसी सँडबॉक्स' नावाची साधनं देऊ.

मग घोडं कुठे अडलं? ब्रिटनमध्ये. तिथल्या जाहिरातवाल्यांनी आणि प्रकाशकांनी स्पर्धा नियामकाकडे, म्हणजे कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीकडे (सीएमए) तक्रार केली आणि जानेवारी २०२१ मध्ये चौकशी सुरू झाली. तक्रारीचा गाभा साधा होता. क्रोम गूगलचा, आणि जाहिराती विकण्याचा सगळ्यात मोठा धंदाही गूगलचाच. कुकी गेल्या की बाकीच्यांचे डोळे बांधले जाणार. गूगलकडे मात्र सर्च, यूट्यूब, मॅप्सवर लॉग-इन केलेल्या माणसांची माहिती राहणारच. शेताला कुंपण घालायचं म्हणता, पण कुंपणच शेत खाणार नाही याची हमी कोण देणार? सीएमएच्या २०२० च्या बाजार-अभ्यासात एक आकडा आहे: वैयक्तिक जाहिरात दाखवता न आलेल्या प्रकाशकांचं उत्पन्न, ती दाखवू शकणाऱ्यांशी स्पर्धा करताना, सुमारे ७० टक्के कमी भरलं. छोट्या वर्तमानपत्रासाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न.

गूगलने ११ फेब्रुवारी २०२२ रोजी कायद्याने बांधील अशा हमी दिल्या, मुदत सहा वर्षं. नवी साधनं स्वतःच्या जाहिरात धंद्याला झुकतं माप देतील अशी बनवायची नाहीत. कुकी काढायच्या आधी निदान ६० दिवस थांबायचं, म्हणजे सीएमएला हरकत घेता येईल. देखरेखीला स्वतंत्र विश्वस्त. ब्रिटिश कायद्याखाली दिलेल्या या हमी जगभर पाळू, असं गूगल म्हणालं होतं, म्हणून येवल्यातल्या दुकानाचाही त्याच्याशी संबंध आला.

पुढे तारखा लांबतच गेल्या. ४ जानेवारी २०२४ ला क्रोमच्या १ टक्का वापरकर्त्यांच्या कुकी चाचणीपुरत्या बंद झाल्या. इथे आमची चूक कबूल करतो: तेव्हा आम्हीच तुम्हाला 'आता शेवटची घंटा' असा निरोप पाठवला होता. काहींनी त्यावर खर्चही केला. जुलै २०२४ मध्ये गूगलने बेत सोडला, एप्रिल २०२५ मध्ये 'या कुकी चालू ठेवायच्या का?' असं वापरकर्त्याला विचारणारी वेगळी चौकट दाखवण्याचंही रद्द केलं. बंदीच उरली नाही, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सीएमएने गूगलला हमींतून मोकळं केलं, आणि त्याच महिन्यात सँडबॉक्सची बहुतेक साधनं गूगलने गुंडाळली.

म्हणजे जिंकलं कोण? आमच्या मते, पाळत नको असलेला सामान्य माणूस तरी नाही. गोपनीयता आणि स्पर्धा यांची ओढाताण इतरत्रही चालूच आहे. आयफोनवर 'ट्रॅक करू द्यायचं का?' असं विचारणारी ॲपलची चौकट आठवते ना? ती ज्या पद्धतीने लादली, त्याबद्दल फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. विचारणं गैर नव्हतं, विचारण्याची रीत गैर होती.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच. क्रोमवरचं रीमार्केटिंग, म्हणजे बघून गेलेल्या गिऱ्हाइकाला त्याच मालाची जाहिरात पुन्हा दाखवणं, आहे तसं चालू राहील. आयफोनवर ते केव्हाच लंगडं झालंय, म्हणून ॲनालिटिक्समध्ये (साइटवर येणाऱ्यांच्या आकडेवारीत) आयफोनवाले किती ते एकदा बघा. पुणे-मुंबईकडच्या गिऱ्हाइकांत ते जास्त असतील तर बजेट तसं वाटू. आणि बिलावर नंबर लिहून घेता, तिथेच 'नव्या मालाचे मेसेज पाठवू का?' असं विचारून खूण करा. आपल्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत, संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू होतील. विचारून घेतलेली यादी कुठल्याच ब्राउझरच्या मर्जीवर नसते.

'कुकीलेस'चं कोटेशन आलं तर पैसे भरण्याआधी आम्हाला फॉरवर्ड करा. बघून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.