डोळ्यामागील रक्तवाहिन्यांचा विकृत जोड : नेहमीचा मार्ग बंद असल्यास

(आमच्या सोलापूर येथील नेत्रतपासणी केंद्रातील रुग्ण व नातेवाइकांसाठी)

डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी ‘कॅव्हर्नस सायनस’ ही शिरांची पोकळी असते आणि मेंदूकडे जाणारी कॅरॉटिड धमनी तिच्यातूनच जाते. अपघातात डोक्याला मार बसून ही धमनी तेथे फाटली, किंवा उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, तिच्या बारीक फांद्यांचा त्या पोकळीशी आपोआप जोड तयार झाला, तर धमनीतील रक्त दाबाने शिरांत शिरते. मग डोळा लाल होऊन पुढे येतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळ्यातील दाब वाढतो आणि काहींना नाडीच्या ठोक्याबरोबर डोक्यात आवाज ऐकू येतो. थेंब घालूनही कित्येक आठवडे न उतरणारी लाली ‘डोळे आले’ म्हणून सोडून देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

डीएसए अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत, जोड नेमका कोठे आहे ते दिसते. बारीक जोड कधीकधी आपोआप बुजतात, त्यामुळे दृष्टीला धोका नसल्यास डॉक्टर काही काळ वाट पाहतात. एरवी जांघेतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) नेऊन जोड कॉइलने (धातूच्या बारीक तारेच्या वेटोळ्याने) अथवा ओनिक्स या रक्तात घट्ट होणाऱ्या द्रवाने बुजवतात. बारीक जोडांसाठी ही वाट बहुधा मानेतील शीर व तिला मिळणाऱ्या इन्फिरिअर पेट्रोसल सायनसमधून (कॅव्हर्नस सायनसमधील रक्त मानेकडे नेणाऱ्या शिरेच्या वाटेतून) जाते. तो सायनस बंद असल्यास मात्र कॅथेटर अनेकदा पुढे सरकत नाही.

अशा वेळी ‘मार्ग मिळाला नाही’ हे शब्द ऐकून उपचार संपले असे समजू नये. चेहऱ्यावरील शिरेतून वर जाता येते. तेही न जमल्यास नेत्रशल्यचिकित्सक पूर्ण भूल देऊन वरच्या पापणीच्या घडीत छोटा छेद घेतात, रक्ताच्या दाबाने फुगलेली सुपीरिअर ऑफ्थॅल्मिक शीर (डोळ्याच्या खोबणीतील वरची शीर) शोधून उघडी करतात आणि त्यांच्या शेजारी उभे असलेले इंटरव्हेन्शनल तज्ज्ञ (रक्तवाहिन्यांतून कॅथेटर नेऊन उपचार करणारे डॉक्टर) तीतून कॅथेटर थेट पोकळीत नेतात. व्रण घडीत लपतो. परंतु ही शीर नाजूक असते, तीतून रक्तस्राव झाल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून दोन्ही तज्ज्ञ एकाच वेळी हजर असणे आम्ही अत्यावश्यक मानतो. डोळ्याच्या खोबणीतून सुईने थेट पोकळी गाठण्याचा पर्यायही आहे, पण तो इतर वाटा खुंटल्यावरच निवडावा.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस सूज तात्पुरती वाढू शकते. तथापि दृष्टी अचानक कमी झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

ही शस्त्रक्रिया आमच्या केंद्रात होत नाही. आम्ही दृष्टी व डोळ्याचा दाब तपासतो आणि पुढील रुग्णालयासाठी चिठ्ठी देतो. पुणे किंवा हैदराबादला जाताना डीएसएचा केवळ अहवाल नव्हे, तर चित्रांची सीडीही सोबत न्यावी, कारण पापणीच्या वाटेचा निर्णय त्या चित्रांतील शिरेची जाडी व वळणे पाहूनच होतो.