शेळीची धार : दिवसातून किती वेळा

शेळीची धार दिवसातून किती वेळा काढायची हा प्रश्न कोकणात फारसा कोणी विचारत नाही, कारण इथे शेळी पाळतात ती बोकडासाठी, दूध हा वरचा फायदा. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही जातसुद्धा मटणासाठीच ओळखली जाते. त्यामुळे "दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने" हा जो नियम सगळीकडे सांगतात तो सानेन, बीटल, जमनापारी असल्या दुधाळ शेळ्यांचा, तो परसातल्या दोन-चार शेळ्यांना जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही.

खरी गोष्ट कासेत आहे. दूध बनतं बारीक बारीक पिशव्यांत आणि तिथून उतरून सडांच्या वर जो हौद असतो त्यात साठतं. गाईच्या हौदात एकूण दुधाचा जेमतेम पाचवा हिस्सा उतरून आलेला असतो, बाकीचं पान्हा सोडल्याशिवाय येत नाही, शेळीच्या हौदात मात्र दोन तृतीयांशापेक्षा जास्त असतं, म्हणून एक वेळची धार कमी केली तरी शेळी गाईएवढी आटत नाही. पण कास तुंबली की दाब वाढतो, वर दुधातलाच एक घटक आतल्या पेशींना आवरतं घ्यायला लावतो आणि दूध कमी बनायला लागतं. एकदाच धार काढली तर किती घट येते हे जात आणि कासेच्या आकारावर आहे, कुठे ५-६ टक्के तर कुठे ३० टक्क्यांच्याही पुढे. कॅनरी बेटांवरच्या शेळ्यांची कास मोठी, तिथे एकदाच धार काढायची पद्धत जुनीच आहे. तीनदा काढली तर दूध थोडं वाढतं, पण ते भरपूर दुधाच्या शेळीलाच परवडतं, आपल्याकडे मजुरीच जास्त होईल.

करडं आईजवळ असतील तर हिशोबच बदलतो, कारण दिवसभर तीच धार काढत असतात. पहिले चार-पाच दिवस चीक करडांचाच, त्याला हात लावू नये. दोन-तीन आठवड्यांनी करडं रात्री डाल्याखाली किंवा कुडाच्या कप्प्यात वेगळी ठेवायची, सकाळी धार काढायची आणि मग सोडायची. घरच्या चहापुरतं दूध मिळतं, करडंही वाढतात, कोकणातल्या बहुतेक घरांना हीच पद्धत सोयीची. दुधाचा रतीब असेल आणि करडं आईच्या दुधापासून लवकर तोडली असतील तरच दोनदा. त्यातही घड्याळ लावून बरोब्बर १२ तास पाळायची गरज नाही, १० आणि १४ चाललं, फक्त रोज तेच ठेवा. आज एकदा, उद्या दोनदा, गणपतीत पाहुणे आले म्हणून परवा नाहीच, असं केलं की शेळी बिथरते.

पावसाळा हा वेगळा विषय. जून ते सप्टेंबर खाली ओल, धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं राहतं आणि शेळी तशीच ओल्यात बसली की काससुजी. म्हणून लाकडी माच्यावर बांधलेली बरी, धारेनंतर आयोडीनच्या द्रावणात सड बुडवायचे आणि पुढ्यात फणसाचा टाळा, म्हणजे पाल्याची फांदी, टाकायचा म्हणजे ती उभी राहून खाते. एकदा काससुजी झालीच तर मात्र एक वेळ-दोन वेळ हा हिशोब सोडायचा, डॉक्टरला बोलवायचं आणि कास वरचेवर रिकामी करायची, ते दूध घरात नाही.

गाभण शेळी साधारण १५० दिवसांनी विते, त्याच्या दोन महिने आधी तिला आटवायची. खुराक कमी, धार आधी एकदा आणि मग बंद. नंतर तीन-चार दिवस कास भरलेली दिसते, हात शिवशिवतात, पण काढायची नाही, दूध आपोआप जिरतं. फक्त कास गरम किंवा दगडासारखी लागते का ते रोज हात लावून बघायचं.