अडीच किलोमीटरवरून ‘दिसणारे’ रानडुक्कर: थर्मल स्कोपमागची पार्श्वभूमी

थर्मल स्कोप म्हणजे अंधारात अंगाची उष्णता टिपून चित्र दाखवणारी, रायफलीवर बसणारी दुर्बीण. तिच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा ‘डिटेक्शन रेंज’चा, म्हणजे किती दुरून चाहूल लागते याचा असतो. कुठे १८०० मीटर, कुठे २५००. अमेरिकेत रात्री रानडुकरे आणि कायोटी (कोल्ह्यासारखा तिथला रानटी प्राणी) मारणारे शिकारी प्रत्यक्षात गोळी झाडतात ती बहुतेक वेळा २०० मीटरच्या आतून. एवढी तफावत कशी, हे समजायला आधी डुकरांकडे आणि मग लष्करी प्रयोगशाळेकडे वळावे लागते.

डुकरे या खंडातली नव्हेतच. १५३९ मध्ये एका स्पॅनिश मोहिमेने ती फ्लोरिडात उतरवली. पुढे गावठी डुकरे मोकाट सुटत राहिली, आणि १८९० नंतर श्रीमंतांच्या शिकारीसाठी युरोपातले खरे रानडुक्कर आणून सोडले गेले. दोघांचा संकर आज तीसहून अधिक राज्यांत पिके उकरतो. दिवसा गोळ्या बसू लागल्या की हा प्राणी रात्री चरायला लागतो, त्यामुळे शिकारही रात्रीवर गेली. टेक्सासने २०११ मध्ये हौशी शिकाऱ्यांनाही हेलिकॉप्टरमधून डुकरे मारायला मुभा दिली आणि २०१९ मध्ये जमीनमालकाची परवानगी असल्यास खासगी जमिनीवर शिकार परवान्याची अटच काढली. कॅन्ससने नेमके उलटे केले. हौशी शिकार सुरू राहिली तर हौशी लोकच डुकरे ट्रकमध्ये घालून नव्या भागात सोडतात, हे ओळखून त्या राज्याने २००६ मध्येच डुकरांची हौशी शिकार बंद केली. (हा शहाणपणा फार थोड्यांना सुचला.) त्याच कॅन्ससने आणि शेजारच्या मिझुरीने २०२१ मध्ये कायोटीसाठी मात्र वर्षातले मोजके महिने थर्मल स्कोप वापरू दिला. म्हणजे स्कोप निवडण्याआधी राज्य, प्राणी आणि महिना या तिन्हींचे नियम पाहावे लागतात.

आता यंत्राकडे. १८८० च्या सुमारास एका अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने उष्णता मोजणारा ‘बोलोमीटर’ बनवला. पाव मैलावरच्या गाईची ऊबही त्यात कळे, असे सांगतात. त्यानंतरची शंभर वर्षे इथे गाळली तरी चालतील, कारण त्या काळातले चांगले थर्मल कॅमेरे अतिथंड ठेवावे लागत आणि ते विमानांत, रणगाड्यांत बसत, रायफलीवर नव्हे. खरी उडी १९८० च्या दशकात पडली. अमेरिकी लष्कराच्या पैशावर व्हॅनेडियम ऑक्साइडचा, न थंडावता चालणारा मायक्रोबोलोमीटर, म्हणजे सूक्ष्म बोलोमीटरांची जाळी असलेला सेन्सर, तयार झाला. तो बराच काळ गुप्त होता. १९९२ मध्ये गुप्तता उठली, परवाने इतर उत्पादकांना मिळाले आणि शिकाऱ्याच्या हाती आलेले बहुतेक स्कोप त्याच फांदीवरचे आहेत. सुरुवातीला सेन्सरवरचा एकेक पिक्सेल ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होता, मग २५, १७ आणि आता १२. पिक्सेल लहान झाला की तेवढाच तपशील छोट्या जर्मेनियम लेन्समधून मिळतो. साधी काच ही उष्णतालहर अडवते, म्हणून जर्मेनियम, आणि म्हणून लेन्स महाग. एके काळी दहा हजार डॉलरच्या पुढे असलेला स्कोप आता दोन हजारांच्या आसपासही मिळतो.

आता तो ‘डिटेक्शन’ शब्द. १९५८ मध्ये लष्करी संशोधकांनी निरीक्षकांना प्रतिमावर्धक (मंद प्रकाश वाढवून दाखवणाऱ्या) नळीतून लहान प्रतिकृती दाखवल्या आणि चित्र किती बारीक असले की काय कळते, हे मोजले. निष्कर्ष असा, की वस्तूच्या आखूड बाजूवर काळ्या-पांढऱ्या रेषांची एक जोडी मावली तर ‘काहीतरी आहे’ एवढे कळते. चार जोड्या मावल्या तर प्रकार कळतो, आणि साधारण सहा-साडेसहा मावल्या तर नेमके काय ते. तेही प्रत्येक वेळी नाही, निम्म्या वेळा. एका जोडीला दोन पिक्सेल लागतात. म्हणजे माहितीपत्रकातली डिटेक्शन रेंज म्हणजे दोन पिक्सेलची चाहूल. त्यातही ती बहुधा १.८ मीटर उंच माणसाची धरलेली असते, डुकराची नव्हे, आणि कोणते माप धरायचे हे उत्पादक स्वतःच ठरवतो. रणगाडा येतोय की नाही, एवढेच हवे असलेल्या सैन्याला ती चाहूल पुरेशी होती. रात्री रायफल रोखलेल्या माणसाला समोर कायोटी आहे की शेजाऱ्याचा कुत्रा, डुक्कर आहे की वासरू, हे हवे असते.

गणित घालून पाहा. १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर १०० मीटरवर एक पिक्सेल २.४ सेंटिमीटर व्यापतो. अर्धा मीटर उंच कायोटीची चाहूल हजार मीटरवर लागेल, प्रकार २६० वर कळेल आणि नेमकी ओळख १६० वर पटेल. छापायला मात्र पहिलाच आकडा निवडतात. माझ्या मते याला खोटे म्हणता येत नाही, पण प्रामाणिकही म्हणता येत नाही.

याच गणितात दुसरा गैरसमज सुटतो. ६४० चा सेन्सर (म्हणजे आडव्या ओळीत ६४० पिक्सेल असलेला) ३८४ पेक्षा लांबचे पाहतो, असे सर्रास बोलले जाते. पिक्सेल आणि लेन्स सारखी असेल तर प्राण्यावर पडणारे पिक्सेल दोन्हींत तेवढेच. फरक पडतो तो दिसणाऱ्या पट्ट्यात: ५० मिलिमीटरच्या लेन्सने १०० मीटरवर ६४० ला सुमारे १५ मीटर रुंदी दिसते, ३८४ ला ९. कळपातले एक डुक्कर पडल्यावर बाकीची कुठे पळाली, हे पाहायला रुंदी हवी. मोकळ्या माळावर एकट्या कायोटीवर थांबून राहायचे तर ३८४ आणि मोठी लेन्स पुरते.

संवेदनशीलतेचा, म्हणजे तापमानातला किती बारीक फरक दिसतो याचा आकडा मिलिकेल्विनमध्ये (अंशाच्या हजाराव्या भागात) देतात, कमी तितका चांगला. तोही काही जण नुसत्या सेन्सरचा देतात, काही लेन्ससकट. दमट रात्री किंवा पावसानंतर सगळ्या वस्तू एकाच तापमानावर येतात, तेव्हा त्याचे महत्त्व कळते. निर्यातीच्या बंधनांमुळे सेकंदाला ९ चित्रेच दाखवणारी उपकरणेही बाजारात आली. बसलेला प्राणी पाहायला ती ठीक, पळत्या डुकरावर चित्र अडखळते.

लेसर अंतरमापक स्कोपमध्येच बसवणे ही अलीकडची भर. उष्णतेच्या चित्रात ना सावली, ना गवताची पाती, म्हणून खोलीचा अंदाज लागत नाही: ८० मीटरवरचे पिल्लू आणि २०० मीटरवरचा मोठा नर पडद्यावर सारख्याच आकाराचे दोन पांढरे ठिपके असतात.