एनआरव्ही आहे, तरी पाणी मागं जातं

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. ‘मीटरपुढे एनआरव्ही बसवलाय, आता पाणी मागं जायचा प्रश्नच नाही’ हा समज घरमालकांइतकाच प्लंबर मंडळींमध्येही पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे.

आपल्याकडच्या कितीतरी बंगल्यांत नगरपालिकेची डायरेक्ट लाइन आणि गच्चीवरच्या टाकीची लाइन एकत्र जोडलेली असते. नळाला पाणी असलं की डायरेक्ट, गेलं की टाकीचं. मध्ये एकच एनआरव्ही. पुरवठा थांबला की रस्त्यातली लाइन रिकामी होते आणि टाकीपर्यंतचा ८ मीटर पाण्याचा भार, म्हणजे सुमारे ०.८ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला), त्या एका झडपेवर येतो. झडपेच्या बैठकीवर, म्हणजे ती टेकून बंद होते त्या जागी, वाळूचा कण अडकला असेल, तर टाकीतलं पाणी गुपचूप सार्वजनिक लाइनीत उतरतं. ते कुणालाच दिसत नाही, आणि खरा धोका तिथंच आहे.

उलट ओढही असते. रिकाम्या होणाऱ्या लाइनीवर उताराकडच्या कुणी मोटर लावली की आत हवेचा दाब घटतो. बाहेरचा हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उचलू शकतो, त्यामुळे फिनेलच्या बादलीत बुडवलेला रबरी पाइप राहू द्या, अंगणाखालच्या टाकीतलं पाणीही वर खेचलं जाऊ शकतं. शिकागोत १९३३ साली जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमीबाच्या आवेची साथ पसरली आणि ९८ माणसं दगावली.

अमेरिकेत धोकादायक जोडण्यांवर वापरतात ते आरपीझेड, म्हणजे रिड्यूस्ड प्रेशर झोन यंत्र, फार सुंदर आहे. त्यात स्प्रिंगच्या दोन झडपा एकामागं एक, मध्ये एक कप्पा आणि कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी रिलीफ झडप. पहिली झडप ओलांडताना पाणी साधारण ०.४ किलो प्रेशर गमावतं. लाइनीत २ किलो असेल, तर कप्प्यात १.६. रिलीफ झडपेच्या पडद्याला एका बाजूनं लाइनीचं प्रेशर बंद ठेवतं, दुसऱ्या बाजूनं कप्प्याचं प्रेशर आणि स्प्रिंग मिळून उघडू पाहतात. दोन्ही झडपा गळू लागल्या आणि घराकडून प्रेशर आलं, तर कप्प्यातलं प्रेशर वाढतं, फरक कमी होतो आणि ते लाइनीइतकं होण्याआधीच रिलीफ उघडते. घाण पाणी लाइनीत न जाता जमिनीवर सांडतं. यंत्र स्वतःचा बिघाड सगळ्यांसमोर सांगतं!

तपासणी दोन प्रेशरमधला फरक दाखवणाऱ्या गेजनं होते. घराकडचा कॉक बंद करायचा, गेजची एक नळी पहिल्या झडपेच्या अलीकडे, दुसरी कप्प्याला, आणि दोन्हींतली हवा काढून टाकायची. पहिल्या झडपेवरचा फरक किमान ०.३५ किलो हवा. मग लाइनीचं प्रेशर हळूहळू कप्प्यात सोडायचं. रिलीफमधून पहिला थेंब पडताना काटा ०.१४ किलोच्या खाली गेलेला नसावा. दुसरी झडप तपासायला तिच्या मागून, म्हणजे घराच्या बाजूनं, प्रेशर द्यायचं. काटा स्थिर राहिला तर ती घट्ट. हे यंत्र खड्ड्यात कधीही बसवू नये. जमिनीपासून निदान ३०० मि.मी. वर हवं, नाहीतर पावसात रिलीफचं तोंड बुडतं आणि तिथूनच घाण आत येते.

मात्र आपल्या वेळापत्रकी पाण्याला ते मानवत नाही. रोज पुरवठा गेला की रिलीफ उघडून पाणी सांडत राहील. इथं हवेची फट श्रेष्ठ: डायरेक्ट लाइन फक्त टाकीत सोडायची, आणि पाइपाचं तोंड टाकीच्या काठाच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट ठेवायचं, पण २५ मि.मी.हून कमी कधीच नाही. २० मि.मी.च्या पाइपाला ४० मि.मी. ठेवा. हे अंतर काठापासून मोजा, बॉलकॉकच्या पातळीपासून नव्हे. बॉलकॉक कधीतरी अडकणारच.

जोडलेली लाइन लगेच तोडता येत नसेल, तर मीटरचा कॉक आणि एनआरव्ही यांच्या मध्ये एक छोटा नळ टाकून घ्या. टाकी भरलेली आणि पुरवठा बंद असताना, टाकीकडचे कॉक उघडे ठेवून, मीटरचा कॉक बंद करा आणि तो नळ सोडा. पाइपात अडकलेलं थोडं पाणी येऊन थांबलं तर ठीक. मिनिटभरानंतरही धार किंवा थेंब चालूच असेल, तर ते पाणी टाकीचं आहे: एनआरव्ही उघडून बैठक पुसा, वॉशर बदला आणि बसवताना बाण घराकडे आहे ना, ते पाहा.