हेलिकॉप्टर तेच, वर्दी वेगळी: आर्मी एव्हिएशन आणि हवाई दल

नाशिकरोडला राहणाऱ्याला हेलिकॉप्टरचं अप्रूप उरत नाही. गांधीनगरच्या तळावरून सकाळी सकाळी चेतक आणि चीता उठतात, आणि उपनगर, जेल रोडच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांइतकीच ती रोजची होऊन जातात. बाहेरगावचे पाहुणे मात्र मान वर करून हमखास म्हणतात, "एअरफोर्सचं दिसतंय." ते एअरफोर्सचं नसतं, आर्मीचं असतं, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या उड्डाण शाखेचं, आर्मी एव्हिएशनचं. गांधीनगरला आहे ती कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, म्हणजे आमच्या बोलण्यातलं 'कॅट्स'. 2003 पासून लष्कराचे वैमानिक इथेच तयार होतात. याच शहराबाहेर दुसऱ्या बाजूला ओझर आहे, तिथे एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना आणि हवाई दलाचा 11 बेस रिपेअर डेपो. तेव्हा पाहुण्यांचा घोळ होतो, यात त्यांचा दोष नाही.

पण परवा हाच घोळ घेऊन आमच्या इमारतीतली बारावीची मुलगी आली. "काका, मला हेलिकॉप्टरच चालवायचंय. एनडीएच्या फॉर्ममध्ये आर्मी पहिलं टाकू की एअरफोर्स?" एनडीए म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांत अधिकारी होण्याची वाट. तिला तोंडी जे सांगितलं ते नीट लिहून काढावंसं वाटलं, कारण या दोन वाटा बाहेरून सारख्या दिसतात आणि आतून फार वेगळ्या आहेत.

यंत्र बघून काही कळत नाही, हे आधी सांगतो. काचेचा फुगा असावा तसं तोंड, उघड्या नळ्यांच्या पिंजऱ्यासारखी शेपटी आणि तीन पात्यांचा पंखा, हे चीता. ते दोघांकडेही आहे. चेतकही आहे. चार पात्यांचं ध्रुव दोघांकडे, त्याचं शस्त्रसज्ज रूप रुद्र दोघांकडे, हल्ल्यासाठी बनवलेलं प्रचंड दोघांकडे, आणि आता अपाचे हे अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टरसुद्धा. हवाई दलाने 22 अपाचे घेतली, पहिली तुकडी सप्टेंबर 2019 मध्ये पठाणकोटला दाखल झाली. लष्कराने स्वतःसाठी फक्त सहा मागवली, त्यातली पहिली तीन जुलै 2025 मध्ये आली. फरक दिसतो तो वजनदार कामात. एमआय-17, चिनूक अशी मोठी वाहतूक करणारी हेलिकॉप्टरं हवाई दलाचीच.

खरा फरक माणसात आहे, आणि तो समजायला थोडं मागं जावं लागतं.

तोफखान्याची तोफ जिथे असते तिथून तिचा गोळा कुठे पडला ते दिसत नाही. मध्ये टेकडी असते, झाडी असते. कुणीतरी उंचावरून बघून 'दोनशे मीटर पुढे, पन्नास डावीकडे' असं कळवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी यासाठी छोटी ऑस्टर विमानं वापरली आणि ती उडवायला तोफखान्याचेच अधिकारी बसवले. गोळा कसा पडतो, मारा कसा सुधारायचा हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याला विमान शिकवणं सोपं, असा तो हिशेब. यालाच एअर ओपी म्हणायचे, हवेतली निरीक्षण चौकी. स्वातंत्र्यानंतर ही परंपरा आपल्या तोफखान्याकडे आली. तोफखान्याची शाळा आमच्या शेजारी देवळालीला आहे, त्यामुळे नाशिकचं आणि या उडणाऱ्या गोलंदाजांचं नातं कॅट्सच्याही आधीचं. पुढे 1 नोव्हेंबर 1986 रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी उभी राहिली. विमानांच्या जागी हेलिकॉप्टरं आली, इतर शाखांचे अधिकारी आले, पण वैमानिक हा आधी जमिनीवरच्या लढाईतला माणूस असावा, ही कल्पना टिकली.

म्हणून आर्मी एव्हिएशनची नेहमीची वाट अशी: एनडीए किंवा सीडीएसमधून (ही पदवीनंतरची परीक्षा) लष्करात यायचं, कमिशन घ्यायचं, म्हणजे अधिकारी व्हायचं, एखाद्या शाखेत प्रत्यक्ष नोकरी करायची आणि मग वैमानिक होण्यासाठी स्वेच्छेने नाव द्यायचं. अभियोग्यता चाचणी आणि कडक वैद्यकीय तपासणी, मग कॅट्स. अभिलाषा बराक यांचंच बघा. 2018 मध्ये त्या लष्कराच्या हवाई संरक्षण शाखेत अधिकारी झाल्या आणि 25 मे 2022 रोजी याच गांधीनगरच्या मैदानावर त्यांच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. लष्कराच्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. तोवर आर्मी एव्हिएशनमध्ये स्त्रिया होत्या, पण हवाई वाहतूक नियंत्रणासारख्या जमिनीवरच्या कामात. उड्डाणाचं दार उघडल्याची घोषणा जानेवारी 2021 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख, आपल्या पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांनी केली. त्या वेळी पंधरा महिला अधिकाऱ्यांनी तयारी दाखवली होती, चाचण्यांतून पार पडल्या फक्त दोघी. आईबाप 'प्रयत्न करून बघ' म्हणतात तेव्हा हा आकडा त्यांना माहीत असावा असं मला वाटतं.

हवाई दलात हे दार खूप आधी उघडलं होतं. तिथे नव्वदच्या दशकापासूनच स्त्रिया हेलिकॉप्टर उडवतात, आणि 1999 च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघी चीता घेऊन त्या खोऱ्यात गेल्या होत्या.

हवाई दलाची वाट सरळ आहे. निवड होतानाच तुम्ही वैमानिक म्हणून निवडले जाता. एनडीए असो, सीडीएस असो की एएफकॅट ही हवाई दलाची स्वतःची परीक्षा, शेवटी हैदराबादजवळ दुंडिगलची अकादमी. सुरुवातीला सगळे एकत्र विमानावर शिकतात, आणि मग फाटे फुटतात: फायटर, वाहतूक, हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला जातात. इथे त्या मुलीला मी थांबवून दोनदा सांगितलं, कारण बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही. कोणता फाटा मिळेल हे तुमची गुणवत्ता आणि दलाची गरज या दोन्हींवर ठरतं. हेलिकॉप्टर हवं म्हणून हवाई दलात जाणाऱ्याला वाहतूक विमान मिळू शकतं, आणि फायटरचं स्वप्न बघणारा हेलिकॉप्टरवर जाऊ शकतो. आर्मी एव्हिएशनमध्ये वैमानिकाच्या पंखांचा अर्थ हेलिकॉप्टर हाच. आता हेरॉनसारखी मानवरहित विमानंही या कोअरकडे आहेत, तो वेगळा विषय.

हुद्द्यांवरूनही गोंधळ होतो. आर्मीतला कॅप्टन म्हणजे हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट. हवाई दलातला ग्रुप कॅप्टन मात्र आर्मीतल्या कर्नलच्या बरोबरीचा. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा कॅप्टन आहे' एवढंच कळलं तर कुठल्या दलातला ते विचारून घ्यावं. देखभालीची माणसंही वेगळी असतात. हवाई दलाचे तंत्रज्ञ हवाई दलाचेच, तर आर्मीच्या हेलिकॉप्टरचे नटबोल्ट मुख्यतः ईएमई या लष्कराच्या अभियांत्रिकी शाखेच्या जवानांच्या हातात.

आता काम. आर्मी एव्हिएशनची तुकडी जमिनीवरच्या सेनेच्या कमांडरच्या हाताखाली, त्याच्याच भागात असते. पुढच्या चौकीपर्यंत अधिकाऱ्याला नेणं, टेहळणी, तोफांचा मारा सुधारणं, जखमी जवानाला खाली आणणं. ज्या पलटणीसाठी उडायचं तिच्यासारख्याच एखाद्या पलटणीत वैमानिकाने स्वतः दिवस काढलेले असतात. हवाई दलाची हेलिकॉप्टरं हवाई कमांडच्या हुकमात असतात आणि त्यांचा पसारा देशभराचा. 1971 च्या डिसेंबरात मेघना नदी ओलांडून जनरल सगत सिंग यांचे जवान ढाक्याच्या दिशेने उतरवले ते हवाई दलाच्या एमआय-4 हेलिकॉप्टरांनी, ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या देखरेखीखाली.

मध्ये एक अवघड जागाही होती. एमआय-25 आणि एमआय-35 ही हल्ला करणारी हेलिकॉप्टरं हवाई दलाची, पण लढाईतला त्यांचा वापर लष्कराच्या हुकमाने. मालकी एकाची, गरज दुसऱ्याची. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालली, आणि ती निष्फळ होती असं मी म्हणणार नाही, कारण दोन्ही बाजूंना मुद्दा होता. मार्च 2025 मध्ये 156 प्रचंड हेलिकॉप्टरांचा करार झाला, त्यातली 90 लष्कराला आणि 66 हवाई दलाला. वारं कुठल्या दिशेला आहे ते या वाटणीतून कळतं.

सियाचीनवर मात्र हा भेद जवळजवळ पुसला जातो. तिथे दोन्ही दलांचे चीता उडतात. सर्वांत उंच चौक्यांवर हवा इतकी विरळ की एका फेरीत जेमतेम काही किलो सामान नेता येतं. हेलिपॅड म्हणजे बर्फावर दाबून केलेली चौकट. चीता टेकतं, पंखा फिरताच ठेवतात, वाकून धावत आलेला जवान डबा ओढून घेतो, आणि काही क्षणांत ते पुन्हा दरीत झेपावतं. 13 एप्रिल 1984 रोजी कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांचे जवान बिलाफोंड ला या खिंडीत उतरले तेही चीतामधूनच. खाली उभ्या असलेल्या जवानाला त्या वेळी वैमानिकाची वर्दी कुठली हे बघायला सवड नसते.

करिअर कुठवर जातं, हाही तिचा प्रश्न होता. आर्मी एव्हिएशनचा प्रमुख लेफ्टनंट जनरल असतो. हवाई दलात फार काळ असं मानलं जाई की प्रमुखपद फायटरवाल्यांचं. 2007 मध्ये एअर चीफ मार्शल फली मेजर हवाई दलप्रमुख झाले, ते त्या खुर्चीवर बसलेले पहिले हेलिकॉप्टर वैमानिक. याच फली मेजरनी ऑक्टोबर 1992 मध्ये हिमाचलमधल्या परवाणूजवळच्या रोपवेचा दोर तुटला तेव्हा दरीवर एमआय-17 स्थिर धरलं होतं, आणि लष्कराचे पॅरा कमांडो मेजर इव्हान क्रॅस्टो दोराने लोंबकळत्या पाळण्यावर उतरले होते. दहा जणांचे प्राण वाचले. वर हवाई दल, खाली लष्कर. मुलीला मी ही हकिगत सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

मग तिने शेवटचं विचारलं, "आणि काका, वैमानिक म्हणून नाहीच जमलं तर?"

हवाई दलात वैमानिकाची निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात तर उड्डाणाचं दार कायमचं बंद, जमिनीवरच्या शाखांचा विचार करता येतो. लष्करात उड्डाण हे पुढच्या वळणावर येतं. तिथे नाही निवडले गेलात तर तुम्ही आपल्या शाखेत, आपल्या जवानांबरोबर अधिकारी म्हणून असताच. म्हणून मी तिला विचारलं, हेलिकॉप्टर नाही मिळालं तरी सीमेवरच्या तंबूत राहायला आवडेल का? ती म्हणाली, विचार करून सांगते. फॉर्मची मुदत अजून बाकी आहे.